मानसिक आजारावर उपचार: कुठला, कुणाकडून आणि किती काळ

"गोळ्या घ्याव्यात की समुपदेशन?" बहुतेक घरांत उपचारांचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो. त्याआधी दुसरा प्रश्न सुटायला हवा: आजार नेमका कोणता आहे? बेचैनी, झोप न लागणं, कशातच मन न रमणं या तक्रारी तापासारख्या असतात, वेगवेगळ्या आजारांत सारख्याच दिसतात. उपचार मात्र वेगळे असतात. कुत्र्याची किंवा उंचीची भीती असेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, वर्तनोपचाराने, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाऊन, मात्र थोड्या काळात मोठा फरक पडतो. बायपोलर आजारात, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आळीपाळीने येतात त्या आजारात, नुसतं बोलून भागत नाही, औषध लागतं. नैराश्य सौम्य असेल तर बोलण्याच्या उपचारांनी सुरुवात करावी. तीव्र असेल तर औषध आणि बोलणं एकत्र दिलेलं जास्त गुणकारी ठरतं.

"सगळं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही" असं सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत खोलात गेल्यावर दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक तर उपचार त्या आजाराचा नव्हता, किंवा तो पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ झालाच नव्हता. या दोन्ही गोष्टी रुग्ण आणि घरचे स्वतः तपासू शकतात.

थांबायचं नाही अशी वेळ

पुढच्या पायऱ्या सवडीने चढायच्या आहेत, पण काही परिस्थितींत सवड नसते. आत्महत्येचे विचार येत असतील आणि ती कशी करायची हेही मनात ठरत असेल, "अमुक कर" असा हुकूम देणारे आवाज ऐकू येत असतील, माणसाने खाणंपिणं सोडलं असेल किंवा सलग काही रात्री न झोपता तो भलत्याच उत्साहात असेल, तर थेट रुग्णालय गाठा. त्याला एकटं सोडू नका. साठवलेली औषधं, विषारी पदार्थ, हत्यारं हाताशी राहू देऊ नका.

"जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारायला घरचे घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरेल, अशी त्यांची समजूत असते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणीतरी न घाबरता ऐकून घेतली, याचा माणसाला दिलासा मिळतो. विचारा, आणि उत्तर ऐकताना उपदेश करू नका.

पहिली पायरी: निदान

मनाच्या तक्रारींमागे शरीर तर नाही ना, हे आधी पाहायचं. थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावलं की हुबेहूब नैराश्यासारखी अवस्था होते आणि ते जास्त झालं की चिंताविकारासारखी. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, दारू, इतर आजारांसाठी चालू असलेली स्टेरॉईडसारखी औषधं यांचाही मनावर परिणाम होतो. साध्या रक्ततपासणीतून यातलं बरंच कळतं. ती न करता महिनोन्महिने उपचार घेत राहणं योग्य नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या. त्रास कधीपासून आहे, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, झोप, भूक, वजन आणि कामात काय फरक पडला, घराण्यात कुणाला असा आजार होता का, सध्या कोणती औषधं चालू आहेत. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपणहून सांगा: याआधी कधी याच्या अगदी उलट अवस्था आली होती का? म्हणजे काही दिवस जेमतेम दोन-तीन तास झोप, तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, डोक्यात योजनांवर योजना, पैसा पाण्यासारखा खर्च. अशी अवस्था येऊन गेली असेल तर आजचं नैराश्य हा बायपोलर आजाराचा भाग असू शकतो. त्यात केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली तर माणूस उन्मादात जाण्याचा धोका असतो. रुग्णाला स्वतःला ते दिवस "चांगले" वाटलेले असतात, त्यामुळे तो हे सांगत नाही. घरच्या माणसाने सोबत जाण्याचं हे मोठं कारण आहे.

उपचार सुरू होण्याआधी त्रासाचं माप घेऊन ठेवा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्य किमान मध्यम स्वरूपाचं असण्याची शक्यता धरतात. चिंतेसाठी अशीच ७ प्रश्नांची जीएडी-७ आहे. निव्वळ या आकड्यांवरून निदान होत नाही. पण सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर दोन महिन्यांनी "बरं वाटतंय की नाही" हे त्या दिवशीच्या मूडवर ठरतं.

दुसरी पायरी: कुणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. निदान आणि औषधं हे त्याचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषधं सहसा देत नाहीत. समुपदेशकाचं प्रशिक्षण ठिकठिकाणी फार वेगवेगळं असतं, म्हणून ते विचारून घ्यावं. नात्यातला ताण, शोक, निर्णयांची कोंडी यांसाठी समुपदेशक चांगली मदत करू शकतो. स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयाचा आजार), बायपोलर, तीव्र नैराश्य यांत मनोविकारतज्ज्ञ हवाच.

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत तीन प्रश्न विचारा. माझ्या आजारासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरणार? साधारण किती भेटी लागतील? सुधारणा होते आहे हे आपण कशावरून ओळखायचं? जाणकार माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही, नेमकं उत्तर देतो. "विश्वास ठेवा, होईल सगळं ठीक" एवढंच उत्तर मिळालं तर मी तिथे फार काळ थांबणार नाही.

तिसरी पायरी: बोलण्याचे आणि करण्याचे उपचार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिग्मंड फ्रॉइडने मनोविश्लेषण सुरू केलं, आणि बोलण्याने मनाचा आजार बरा होऊ शकतो ही कल्पना रुजली. आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षं चालणारी ती पद्धत आज मूळ रूपात कमी वापरली जाते. जुन्या नात्यांचे ठसे आजच्या वागण्यात कसे उमटतात हे पाहणारे तिचे आटोपशीर प्रकार मात्र उपयोगात आहेत. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने विसाव्या शतकाच्या मध्यावर उपचारकाच्या वागण्याकडे लक्ष वेधलं. उपचारकाने खरेपणाने, विनाअट स्वीकाराने आणि समजून घेऊन ऐकणं हाच बदलाचा पाया, असं त्याने मांडलं. आज कुठल्याही पद्धतीचा उपचारक यातलं बरंच काही पाळतो.

अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास आणि अॅरन बेकने १९६० च्या दशकात विचारांवर बोट ठेवलं. प्रसंग आणि भावना यांच्या मधे एक झटपट विचार येऊन जातो, तो पकडायचा आणि तपासायचा. यातून आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, घडली. समजा, मित्राने फोन उचलला नाही. मनात आलं, "त्याला मी नकोसा झालोय." वहीत चार गोष्टी लिहायच्या: प्रसंग, विचार, भावना किती तीव्र (०ते १००) आणि त्या विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा. मग जास्त वास्तव असा विचार लिहून भावना पुन्हा मोजायची. "सकारात्मक विचार करा" या सल्ल्याशी याचा संबंध नाही. मित्र खरंच दुरावला असेल तर पुरावा तेच सांगेल, आणि मग त्या अडचणीवर काम करायचं. साधारण १२ ते २० भेटींत हा उपचार होतो. दोन भेटींच्या मधे घरी केलेला सराव हा त्याचा गाभा असतो. वही कोरी ठेवून फक्त भेटींना हजर राहणाऱ्याला फारसा फायदा होत नाही.

नैराश्य खोल असेल तेव्हा विचार तपासण्याचंही बळ नसतं. तिथे वर्तन-सक्रियता ही सोपी पद्धत चांगली चालते. मन लागलं की काम करीन, अशी वाट न पाहता छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं. आठवडाभर तासातासाची नोंद ठेवून कशाने किंचित बरं वाटलं ते पाहायचं आणि पुढच्या आठवड्यात तेच वेळापत्रकात घालायचं. काम खरोखर छोटं हवं. "रोज तासभर चालणं" हे अपयशाला आमंत्रण आहे. "सकाळी आठ वाजता चपला घालून दाराबाहेर पाच मिनिटं" हे जमतं. नैराश्यात अशी कृती आधी होते आणि मन मागून येतं.

भीतीवरचा उपचार

इथे थोडं जास्त थांबायला हवं. भीतीच्या आजारांवर आपल्याकडे सर्वांत खात्रीचा उपचार आहे आणि तरी तो सर्वांत कमी लोकांपर्यंत पोचतो. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा लांब ठेवून हळूहळू जवळ आणला, आणि शेवटी तो सशाला हात लावू लागला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पेने ही कल्पना पद्धतशीर मांडली.

भीती टिकते ती टाळण्यामुळे. टाळलं की क्षणभर सुटका वाटते, आणि मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. हे चक्र उलटं फिरवायचं असतं. लिफ्टची भीती घ्या. आधी शिडी लिहायची: लिफ्टसमोर उभं राहणं (३०), दार उघडं ठेवून आत उभं राहणं (४५), सोबत कुणीतरी घेऊन एक मजला (६०), एकट्याने एक मजला (७५), एकट्याने अगदी वरपर्यंत (९५). कंसातले आकडे आपल्याला ० ते १०० पैकी किती भीती वाटेल याचा अंदाज. खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, "मला वाटतं काय होईल?" आणि नंतर लिहायचं, "प्रत्यक्षात काय झालं?" भीती चढलेली असताना पळ काढायचा नाही, कारण त्या क्षणी बाहेर पडलं की मेंदू जुनाच धडा पुन्हा गिरवतो. फोन घट्ट धरून ठेवणं, डोळे मिटणं, खिशात "असू दे" म्हणून गोळी ठेवणं या लपलेल्या आधारांमुळेही शिकणं अर्धवट राहतं. तेही एकेक करून सोडायचे. एकच पायरी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या इमारतींत करावी, म्हणजे शिकलेलं पक्कं होतं.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. रक्त किंवा सुई पाहून काहींना खरोखर चक्कर येते, कारण त्या भीतीत रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम खाली येतो. अशांना शरीर सैल सोडायला सांगणं उलटं पडतं. त्यांनी हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०–१५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब येईपर्यंत आवळायचे, मग अर्धा मिनिट नेहमीच्या स्थितीत यायचं, असं पाच वेळा करायचं. आधी याचा सराव करून मग सुईकडे वळायचं.

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीच्या झटक्यात, भीती असते ती आपल्याच धडधडीची. म्हणून मुद्दाम तीच लक्षणं आणायची: मिनिटभर भरभर श्वास घेणं, खुर्चीत गोल फिरणं, जिने चढणं. धडधड होते, घाम येतो, आणि काही अघटित घडत नाही, हे अनुभवाने पटतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

मंत्रचळ म्हणजे ओसीडीसाठी व्हिक्टर मेयरने १९६६ मध्ये दाखवलेला मार्ग आजही मुख्य आहे. अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरची कृती, म्हणजे हात धुणं, कुलूप तपासणं, मनातल्या मनात मोजणं, रोखायची. यात घरच्यांचा वाटा फार मोठा असतो. "कुलूप लावलंय ना?" असं दहाव्यांदा विचारल्यावर घरचे प्रेमाने "हो रे, लावलंय" म्हणतात, आणि त्या उत्तराने आजाराला खाद्य मिळतं. पण उद्यापासून एकाएकी उत्तर देणं बंद करणं क्रूरपणाचं ठरतं. उपचारकासमोर बसून एक वाक्य आधीच ठरवावं, उदाहरणार्थ, "हा प्रश्न आजार विचारतोय, मी तुझ्यासोबत बसतो, उत्तर मात्र देणार नाही." मग आठवड्याआठवड्याने उत्तरं कमी करत जावीत.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, भावनांच्या टोकाच्या लाटा येणाऱ्या लोकांसाठी मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डीबीटी ही भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत आहे. आघातानंतरच्या आजारासाठी आघातकेंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) यांना चांगला पुरावा आहे. पण अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून "सगळं बोलून टाका" असा आग्रह धरणं उपयोगी ठरलेलं नाही. त्या दिवसांत सुरक्षितता, झोप आणि आपली माणसं जवळ असणं जास्त महत्त्वाचं.

पद्धत कुठलीही असो, उपचारकाशी जुळणं लागतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिनने १९७९ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: नातं, ध्येयाबद्दलचं एकमत आणि करायच्या कामाबद्दलचं एकमत. तीन-चार भेटींनंतरही समजून घेतलं जात नाही असं वाटलं तर ते उपचारकाला स्पष्ट सांगा. त्यावर तो कसा वागतो ते पाहून पुढचं ठरवा. न सांगता भेटी बंद करणं हा सर्वांत वाईट पर्याय.

चौथी पायरी: औषधं

मनोविकारांवरची आजची औषधं गेल्या पाऊणशे वर्षांतली आहेत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडने लिथियमचा उन्मादावरचा परिणाम नोंदवला, १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं गेलं, त्याच दशकात रोलंड कूनला इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण दिसला.

नैराश्यविरोधी गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता आधी येते, गुण नंतर येतो. म्हणून याच काळात सर्वाधिक लोक गोळी सोडतात. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, आणि योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय "लागू नाही" असं म्हणता येत नाही. मंत्रचळात मात्रा जास्त आणि वाट पाहण्याचा काळही जास्त, दहा-बारा आठवड्यांपर्यंत. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, कारण सुरुवातीला काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. कामेच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. लाजेखातर तो न सांगता लोक गुपचूप औषध सोडतात. सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं.

पहिलं औषध चाललं नाही म्हणून खचू नका. स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण आराम पडणारे साधारण एक-तृतीयांश होते. दुसरं औषध, जोडऔषध किंवा सोबत सीबीटी हा नेहमीचा पुढचा टप्पा आहे.

या गोळ्यांची नशा लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होतो. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवायची.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट निराळी. अर्ध्याएक तासात शांत वाटतं आणि सवय खरोखर लागते. त्या शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असाव्यात. महिनोन्महिने घेत असाल तर स्वतःहून झटकन बंद करू नका, फिट्स येऊ शकतात. दारूबरोबर त्या धोकादायक आहेत.

बायपोलर आजारात दिलं जाणारं लिथियम हे आत्महत्येचा धोका कमी करणारं मोलाचं औषध आहे, पण त्याची रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड नियमित तपासावी लागतात. जुलाब, उलट्या किंवा घामाने शरीरातलं पाणी कमी झालं, किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली, तर पातळी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बायपोलर आजारातलंच दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीने ते सुरू करण्यापूर्वीच हे बोलून घ्यायला हवं.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी भास आणि संशय आटोक्यात येतात, पण वजन आणि साखर वाढू शकते, अंग ताठरू शकतं. सुरुवातीचं वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल नोंदवून ठेवा. गोळ्या चुकत असतील तर दोन-चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं मिळतात. दोन औषधं नीट देऊनही गुण आला नाही तर क्लोझापिन या औषधाचा विचार उशीर न करता व्हावा. त्यासाठी पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला वारंवार करावी लागते, म्हणून ते टाळलं जातं, आणि त्यात रुग्णाची वर्षं वाया जातात.

शॉक ट्रीटमेंटबद्दल पडद्यावर पाहिलेलं विसरा. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन होतो, बहुधा ६ ते १२ वेळा. अन्नपाणी सोडलेल्या तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हे आधी समजून घेऊन मग संमती द्यावी.

पाचवी पायरी: मोजा, मग ठरवा

दर दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरा. पीएचक्यू-९ चे गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय. पाचच्या खाली आले तर आजार ओसरला, असं मानतात. मधेच अडकलेल्या आकड्यावर समाधान मानू नका, कारण उरलेली लक्षणं आजार परत येण्याची वाट मोकळी ठेवतात. आकडा हलतच नसेल तर पुढच्या भेटीत विचारा: निदान पुन्हा तपासायचं का, मात्रा वाढवायची का, पद्धत बदलायची का, गोळ्या रोज घेतल्या जातात का, दारू चालू आहे का.

घरच्यांनी काय करावं, यावर संशोधन स्पष्ट आहे. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सतत टीका होणाऱ्या किंवा काळजीने श्वासही घेऊ न देणाऱ्या घरात परतले तर त्यांचा आजार जास्त वेळा उलटतो, हे जॉर्ज ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दाखवलं. कुटुंबाला आजार समजावून सांगितला, बोलण्याच्या पद्धतीवर काम केलं, तर हे प्रमाण घटतं. "आळशी झालायस" याऐवजी "आज अंघोळ झाली, बरं वाटलं बघून" हे वाक्य म्हणायला शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं. आजार घरच्यांमुळे झाला असा याचा अर्थ अजिबात नाही.

सहावी पायरी: बरं असताना करायची तयारी

ठीक वाटू लागल्यावर उपचार एकदम संपवू नका. भेटींमधलं अंतर वाढवत न्या आणि शेवटच्या भेटीनंतरही काही महिन्यांनी पुन्हा भेटायचं आधीच ठरवा. एका कागदावर आपली सुरुवातीची लक्षणं लिहा. ती प्रत्येकाची वेगळी असतात: कुणाची पहाटे तीनला झोप उघडते, कुणी फोन घेणं बंद करतो, कुणी अचानक खरेदी करू लागतो. त्याखाली लिहा, यातली दोन दिसली तर कुणाला सांगायचं, कोणत्या डॉक्टरांना किती दिवसांत भेटायचं, मागच्या वेळी कोणतं औषध कोणत्या मात्रेत चाललं, कोणतं चाललं नाही. आजारात भान सुटलं तर डॉक्टरांशी कुणी बोलायचं, हेही स्वतःच्या सहीने लिहा. एक प्रत जवळच्या माणसाकडे द्या, एक डॉक्टरांकडे, आणि औषध किंवा मात्रा बदलली की तिन्ही प्रतींवर तारीख घालून नवी नोंद करा.